घाटात ब्रेक गेला, आणि कंपनी म्हणते ‘तुमची गाडी यादीत नाही’

वाचकाचा प्रश्न

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका लहान कारखानदाराचं हे पत्र. वय ५२. तीन वर्षांपूर्वी त्यांनी पुण्यातल्या एका डीलरकडून २०१२ सालची, एका महागड्या युरोपीय ब्रँडची डिझेल सेडान साडेनऊ लाखांना घेतली. गाडी मूळची दिल्लीची, घेतली फर्मच्या नावावर, पण वापर घरचाच. गेल्या वर्षी कोकणात जाताना आंबा घाटात ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं. गाडीत पत्नी आणि आई होत्या. हँडब्रेकवर गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला लावली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा नीट लागलं. अधिकृत सर्व्हिस सेंटरने मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकांकडे पाठवणारा भाग) आणि पुढचे पॅड बदलून एक लाख ऐंशी हजारांचं बिल केलं. आठ महिन्यांनी टोलनाक्याच्या रांगेत पेडल पुन्हा खाली गेलं. आता तेच सर्व्हिस सेंटर म्हणतं की एबीएसचं, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, हायड्रॉलिक युनिट बदलावं लागेल, खर्च तीन लाख चाळीस हजार. याच मॉडेलच्या गाड्या अमेरिकेत ब्रेकसाठी परत बोलावल्या होत्या, असं वाचकाच्या वाचनात आलं. कंपनीला मेल केला तर दोन ओळींचं उत्तर आलं: ‘तुमचा चेसिस नंबर कोणत्याही रिकॉलमध्ये नाही.’ मुलगा म्हणतो, गाजावाजा न करता विकून टाका. पत्नी म्हणतात, मी त्या गाडीत पुन्हा बसणार नाही. वाचकांना कंपनीला कोर्टात खेचायचं आहे. तोवर गाडी ‘गावातल्या गावात, हळू’ चालवणं सुरू आहे.

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य शेवटचं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. गावातल्या गावात हळू चालवतो म्हणजे नेमकं कुठे? शाळेसमोरून, बाजारातून, एसटी स्टँडच्या वळणावरून. घाटात निदान हँडब्रेक ओढायला दोन क्षण मिळाले. बाजारात पुढे सायकलवरचं पोर असेल तर तेवढेही मिळणार नाहीत. गाडी आज उभी करा. किल्ली वहिनींकडे द्या. या प्रकरणात घरात सगळ्यात शहाणपणाचं त्याच बोलल्या आहेत.

याला कायद्याचीही बाजू आहे. दोष माहीत असताना गाडी रस्त्यावर आणणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली गुन्हा आहे. अपघात नसेल तर दंड किरकोळ. पण कुणाला इजा झाली की प्रकरण कैदेपर्यंत जाऊ शकतं. शिवाय वाहन विम्याच्या अटींत गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली असते. तीन लाख चाळीस हजारांचं एस्टिमेट तुमच्या मेलमध्ये पडलेलं असताना ‘मला कल्पना नव्हती’ असं तुम्ही विमा कंपनीला सांगू शकणार नाही.

आता रिकॉलकडे येऊ. तुमच्या पत्राचा सगळा राग तिथे एकवटलाय आणि मला शंका आहे की तो चुकीच्या दारावर जातोय.

तुम्ही गृहीत धरलंय की दोन्ही वेळी एकच बिघाड झाला आणि तो कंपनीच्या मूळ डिझाइनमधला आहे. पण तुम्हीच दिलेला तपशील नीट वाचा. घाटात पेडल गेलं, गाडी थंड झाल्यावर परत आलं. हे लक्षण बहुतेक वेळा ब्रेक ऑइल उकळल्याचं असतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ताज्या डॉट-४ ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो; पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. म्हणून बऱ्याच कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. ऑटोमॅटिक गाडी ‘डी’मध्ये ठेवून, ब्रेकवर पाय दाबत आंबा घाट उतरलात की कॅलिपर (चाकापाशी पॅड दाबणारे भाग) तापतात, ऑइल उकळतं, पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, पण दाब पुढे पोहोचवत नाही. पेडल तळाला. तुम्ही गाडी घेतल्यापासून ब्रेक ऑइल बदललं होतं का, हे पत्रात कुठेच नाही. दिल्लीच्या मालकाने कधी बदललं होतं हे तर देवच जाणे.

टोलनाक्यावरची गोष्ट वेगळी वाटते. तिथे उतार नाही, ताप नाही. थंड ब्रेकचं पेडल हळूहळू खाली जात असेल तर संशय मास्टर सिलिंडरच्या रबरी सीलवर, कुठल्यातरी गळतीवर किंवा सिस्टिममध्ये राहिलेल्या हवेवर जातो. यातल्या तिसऱ्या शक्यतेकडे खास लक्ष द्या. मास्टर सिलिंडर बदलला की हवा काढावी लागते, ज्याला मेकॅनिक ‘ब्लीडिंग’ म्हणतात. एबीएस असलेल्या बऱ्याच गाड्यांत नुसतं पेडल मारून आणि चाकापाशी असलेलं निपल (हवा काढायचा स्क्रू) सोडून ती पूर्ण निघत नाही. स्कॅनर लावून एबीएस युनिटचे व्हॉल्व्ह उघडबंद करावे लागतात, तेव्हा आत अडकलेला बुडबुडा सुटतो. हे केलं नसेल तर पेडल काही महिने चांगलं लागतं आणि कधीतरी एबीएस चालू झालं की ती हवा बाहेर येऊन पेडल मऊ पडतं. तुमच्या गाडीत असंच झालं असं पत्रावरून मी म्हणणार नाही. पण तीन लाख चाळीस हजार मोजण्याआधी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

त्यासाठी ते एक लाख ऐंशी हजारांचं बिल बाहेर काढा. पहिली ओळ मास्टर सिलिंडरची असेल, दुसरी पॅडची. मग मजुरी. त्यात ब्रेक ऑइलची ओळ आहे का? असेल तर किती? पूर्ण सिस्टिमचं ऑइल बदलायला साधारण एक लिटर लागतं. बिलात पाव लिटर दिसत असेल तर नुसतं वरून भरलंय. ब्लीडिंगची मजुरी वेगळी लावली आहे का? मग जॉब कार्ड, म्हणजे गाडी जमा करताना तक्रार नोंदवतात तो कागद, मागा. तक्रारीच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. तुम्ही काउंटरवर म्हणाला असाल, ‘घाटात ब्रेक लागलाच नाही, मरता मरता वाचलो.’ तिथे लिहिलेलं असतं, ‘ब्रेक चेक करणे’. खाली तुमची सही असते. वर्कशॉपचा माणूस दुष्ट असतो असं नाही. संगणकात ठरलेले पर्याय असतात आणि तो जवळचा निवडतो. पण उद्या ग्राहक आयोगापुढे तुमच्या शब्दापेक्षा ते तीन शब्द जड ठरतील. म्हणून यापुढे तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घेतल्याशिवाय जॉब कार्डवर सही करू नका. काढलेला जुना भाग परत मागा. स्कॅन रिपोर्टची प्रिंट मागा, त्यावर तारीख आणि किलोमीटर असू द्या.

कंपनीच्या दोन ओळींच्या उत्तराकडे वळतो. ते खोटं आहे असं मला वाटत नाही. ते अपुरं आहे. रिकॉल मॉडेलच्या नावावर होत नाही, चेसिस नंबरांच्या यादीवर होतो. ठरावीक काळात, ठरावीक कारखान्यात, ठरावीक पुरवठादाराचा भाग बसलेल्या गाड्या त्यात येतात. अमेरिकेतली गाडी डाव्या स्टिअरिंगची, आपली उजव्या, आणि पेडलच्या भोवतालची मांडणी त्यामुळे बदलू शकते. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गंज धरतो. इकडे चार महिने पाऊस. तेव्हा परदेशातला रिकॉल आपोआप लागू होत नाही. पण ‘नंबर यादीत नाही’ म्हणजे ‘भाग तो नाही’ असंही होत नाही. तुम्ही विचारायला हवं ते हे: त्या मोहिमेत बदललेल्या भागाचा पार्ट नंबर कोणता, आणि माझ्या गाडीत मूळ बसवलेल्या भागाचा नंबर कोणता? या प्रश्नाला दोन ओळींत वाटेला लावता येत नाही.

‘गाडी जुनी आहे’ हे कारण कुणी पुढे केलं तर त्यांना २०२२ सालाची आठवण द्या. (तुमच्या ब्रँडचं आणि मॉडेलचं नाव मी पत्रातून काढलंय. पुढची दोन उदाहरणं जाहीर नोंदींतली आहेत, तुमच्या गाडीशी त्यांचा संबंध जोडू नका.) त्या वर्षी जूनमध्ये मर्सिडीज-बेंझने जगभरातल्या सुमारे दहा लाख एमएल, जीएल आणि आर-क्लास गाड्या परत बोलावल्या. त्या २००४ ते २०१५ या काळातल्या, म्हणजे काही गाड्या अठरा वर्षं जुन्या. ब्रेक बूस्टरमध्ये, म्हणजे पेडलवरचा जोर वाढवणाऱ्या भागात, ओलाव्याने गंज धरत होता. गंज फारच वाढला असेल तर जोरात ब्रेक मारताना पेडल आणि ब्रेक यांच्यातला दुवाच तुटण्याची शक्यता होती. अमेरिकेतल्या मालकांना तर तपासणी होईपर्यंत गाडी चालवूच नका, असं सांगितलं गेलं. त्याआधी, २००४ आणि २००५ मध्ये, याच कंपनीने इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या ब्रेकसाठी दोनदा गाड्या बोलावल्या होत्या, आणि ती ब्रेक सिस्टिम पुढे ई-क्लासमधून काढूनच टाकली. महाग गाडीचे ब्रेक जात नाहीत, हा समज एवढ्यावर सुटायला हरकत नाही. गाडी महाग असली की ब्रेकमध्ये भाग जास्त असतात, आणि जास्त भाग म्हणजे जुनं झाल्यावर बिघडायला जास्त जागा.

भारतात रिकॉलची सक्ती करता येते का? येते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की सरकार चौकशी करून गाड्या परत बोलवायला लावू शकतं. पण हे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत. तुमची २०१२ ची गाडी त्या मोजणीत येत नाही. दुसरी एक वाट आहे, तिची चर्चा कमी होते: ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधलं कलम २०. त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वस्तू परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं, आणि त्या कलमात वयाची अट नाही. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. मात्र प्राधिकरण एका माणसाच्या एका गाडीसाठी हलेल अशी आशा धरू नका. याच मॉडेलचे आणखी मालक सापडले, त्यांचीही तीच लक्षणं निघाली, तर ही वाट उपयोगाची.

मग तुमच्या हातात काय उरतं? माझ्या मते बरंच काही, फक्त प्रतिवादी बदलतो. तुमचा भक्कम मुद्दा कंपनीने गाडी कशी बनवली हा नाही. तुम्ही ब्रेक दुरुस्तीचे एक लाख ऐंशी हजार मोजले आणि आठ महिन्यांत तेच ब्रेक गेले, हा आहे. सेवेतली त्रुटी. ती ज्याने पैसे घेतले त्याच्यावर येते. तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, तुमची अजून बाकी आहे. पुण्याच्या डीलरविरुद्धची मुदत संपल्यासारखीच आहे, ते डोक्यातून काढा. ‘प्रॉडक्ट लायबिलिटी’ हा शब्द तुम्ही पत्रात तीनदा वापरलाय. पण त्या तरतुदींतल्या ‘हानी’च्या व्याख्येत खुद्द त्या वस्तूचं नुकसान धरत नाहीत. माणसाला इजा झाली किंवा दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं असतं तर त्या लागू होत्या. झालं नाही, हे तुमचं नशीब.

गाडी फर्मच्या नावावर आहे म्हणून ‘तुम्ही ग्राहकच नाही’ असा आक्षेप येईल. घाबरू नका. कंपनीच्या संचालकाच्या वापरासाठी घेतलेली गाडी एवढ्यावरून व्यावसायिक कारणासाठी ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलंय. तेही महागड्या गाडीचंच प्रकरण होतं. गाडीच्या मधल्या उंचवट्याचा भाग असह्य तापायचा. ग्राहकाला ३६ लाख मिळाले आणि गाडीही त्याच्याकडेच राहिली. पण तारखा बघा. गाडी २००३ ची, राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा निकाल २००७ चा, आणि शेवटचा शब्द २०२४ चा. तो खटला जिंकणारी एक कंपनी होती, तिला एवढं थांबणं परवडलं. तुम्ही मागणी बेताची ठेवा: दुरुस्तीचे पैसे, टोइंगचा आणि स्वतंत्र तपासणीचा खर्च, थोडी भरपाई. गाडीची पूर्ण किंमत मागायला गेलात तर प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळेल. २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने अख्खी गाडी बदलून देण्याऐवजी सदोष भाग बदलण्यावरच भर दिला होता.

क्रमही सांभाळा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. अनेक मोठ्या कंपन्या तिथे निदान उत्तर तरी देतात. मग लेखी नोटीस. मग जिल्हा आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, पुण्या-मुंबईला खेटे घालायला नकोत. आणि मुख्य म्हणजे, दुसरी दुरुस्ती करण्याआधी गाडीची तटस्थ तपासणी करून घ्या. परवानाधारक मोटार सर्व्हेअर किंवा चार्टर्ड इंजिनिअरकडून, फोटोंसह, ऑइलमधल्या ओलाव्याच्या नोंदीसह. आधी दुरुस्त करून मग भांडायला गेलात तर पुरावा तुम्हीच भंगारात टाकलेला असेल.

मुलाच्या सल्ल्याबद्दल. त्याला तुमची काळजी आहे, मला मान्य. पण ‘गाजावाजा न करता’ म्हणजे काय ते त्याच्याशी स्पष्ट बोला. दोष ठाऊक असताना लपवून विकणं ही करार कायद्याच्या भाषेत फसवणूक ठरू शकते. शिवाय आरसीवर नाव बदलेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्या दारात येते; डीलरने महिनोन्महिने ट्रान्सफर न केल्याची उदाहरणं आरटीओबाहेर कुणालाही विचारा. ही गाडी तुमच्याकडे कशी आली असेल, हेही त्याला विचारून बघा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली आणि तिकडच्या कितीतरी महागड्या गाड्या स्वस्तात इकडे उतरल्या. त्यातली एक कुणीतरी काही न बोलता तुमच्या गळ्यात मारली असेल, तर ती पुढच्याच्या गळ्यात मारायची का? विकायची तर विका; एस्टिमेटची प्रत जोडा, ‘ब्रेक सदोष, चालवू नये’ असं पावतीवर लिहा आणि गाडी टो करून द्या. पैसे कमी येतील. स्पेअरसाठी अशा गाड्या घेणारे लोक असतात.

ठेवायची असेल तर आकडा पुन्हा तपासा. हायड्रॉलिक युनिट खरंच गेलंय हे कशावरून, असं विचारा. फॉल्ट कोड दाखवा म्हणा. आधी पूर्ण ऑइल बदलून स्कॅनरने ब्लीडिंग, गळतीची तपासणी, रबरी होज पाइपांची तपासणी. हे सगळं मिळून त्या एस्टिमेटचा एक छोटा तुकडा असतं. त्यानेही पेडल बसत राहिलं तरच युनिट. तोच भाग पुष्कळदा तो मुळात बनवणाऱ्या कंपनीच्या डब्यात, गाडीच्या ब्रँडचा शिक्का नसलेला, स्वस्त मिळतो. चांगल्या स्वतंत्र गॅरेजला विचारा. भंगारातला मात्र नको. सीट, आरसे, दिवे जुने चालतात, ब्रेक नाही. एवढं करून खर्च दीड लाखाच्या वर जात असेल तर मी पैसे घालणार नाही. २०२७ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण येईल, तेव्हा फिटनेसही आणि पर्यावरण करही. तेरा वर्षांच्या गाडीत आज ब्रेक, उद्या सस्पेन्शन, परवा गिअरबॉक्स. अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खाजगी गाडीच्या करात सवलत मिळू शकते, तोही हिशोब मांडा.

जुनी मोठी गाडी बाळगणाऱ्या इतर वाचकांसाठी थोडं. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, ते घट्ट होईल. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर किंवा व्हॅक्यूम पंप तपासा. मग इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट एकसारखं दाबून धरा. हळूहळू खाली सरकत राहिलं तर त्या गाडीने घराबाहेर पडू नका. घाट उतरताना ऑटोमॅटिकचा मॅन्युअल मोड वापरा. ट्रकवाले पूर्वीपासून सांगतात, ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. पेडल गेलंच तर भराभर पंप करा, गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा. बटणाचा हँडब्रेक असेल तर बटण धरून ठेवा. इंजिन बंद करू नका, स्टिअरिंग जड होईल.

सर्व्हिस सेंटरला आजच मेल करायचा असेल तर मजकूर असा चालेल:

“माझ्या गाडीचे ब्रेक दुसऱ्यांदा निकामी झाले आहेत. आधीच्या दुरुस्तीचं बिल सोबत जोडलं आहे. त्या वेळच्या जॉब कार्डची, स्कॅन रिपोर्टची आणि ब्लीडिंगच्या नोंदीची प्रत सात दिवसांत द्यावी. हायड्रॉलिक युनिट सदोष असल्याचं कोणत्या चाचणीवरून ठरवलं ते लेखी कळवावं. गाडीत मूळ बसवलेल्या भागांचे पार्ट नंबर द्यावेत. तटस्थ तपासणी होईपर्यंत गाडीला हात लावू नये.”

प्रत कंपनीच्या भारतातल्या ग्राहक विभागाला टाका. आणि तपासणीसाठी गाडी न्याल ती फ्लॅटबेडवर. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर टोइंगचे पैसेही वाचतील. ‘दोनच किलोमीटर आहे, मी हळू नेतो’ असं वर्कशॉपचा पोरगा म्हणाला तर त्यालाही किल्ली देऊ नका.